वॉल्टरकाकांचा डबा

इंग्लंड बघायला आलेली आपली माणसं हेरफर्डला जात नाहीत. लंडन, ऑक्सफर्ड, फार तर स्कॉटलंडचं ओझरतं दर्शन, की झाली यात्रा. त्यांची चूक नाही. हेरफर्डकडे आहे काय, तर सफरचंदांच्या बागा, पांढऱ्या तोंडाची तांबडी गुरं आणि वळणं घेत जाणारी वाय नदी. मीही परवा गेले ती हे बघायला नव्हे. पन्नास वर्षांपूर्वी तिथल्या एका माणसाला मी त्याचा डबा रिकामा परत दिला होता. त्याची माफी मागायला गेले होते. आणि तो माणूस जाऊन पंचवीस वर्षं झाली.

हसू नका. ज्यांच्या आईनं शेजारणीची वाटी परत देताना निदान चिमूटभर साखर घातली आहे, त्यांना माझं म्हणणं कळेल. बाकीच्यांनी पुढं वाचावं, मग हसायचं का ते ठरवावं.

शुक्रवार, एजवेअर

माझ्याबरोबर ईरा होती. ईरा माझी नात, लेकीची लेक. वय पंचवीस, हाउन्सलोला राहते आणि हीथ्रोवर मालवाहू विमानांच्या कामात आहे. कुठल्या विमानात किती वजन चढवायचं आणि ते कुठं ठेवायचं, हे ही पोरगी ठरवते. तिचं मराठी मी काठी घेऊन टिकवलंय, पण 'तो-ती-ते'शी तिचं जन्मजात वैर आहे.

"आजी, एवढी मोठी डबा? कोण खाणार?"

"मोठा डबा. ज्यांच्यासाठी नेतेय ते खातील."

"ते तर डेड आहेत ना?"

"त्यांची मुलगी आहे. गाडी काढ."

डबा माझ्या लग्नातला, स्टीलचा, झाकणावर कोरलेलं: 'चि. श्रीकांत व चि. सौ. कां. सुमती यांस मामांकडून सप्रेम, मिरज'. आत चाळीस करंज्या. दिवाळी आठवड्यावर आली होती, तेव्हा निमित्त आयतंच होतं. सारण मी केलं, लाटायला ईराला बसवलं, म्हणून निम्म्या करंज्या होडीसारख्या होत्या आणि निम्म्या बटाट्यासारख्या. तिनं डबा मागच्या सीटवर मधोमध ठेवला आणि त्याला चक्क सीटबेल्ट लावला. "हेवी वस्तू मध्ये, आजी. ऑलवेज." हे वाक्य मी पूर्वी एकदा ऐकलं होतं. कुणाकडून, ते पुढं येईलच.

प्रवासाचं सांगण्यासारखं एकच. ईराची गाडी विजेवरची, त्यामुळे ऑक्सफर्डच्या अलीकडे तिला चारायला थांबलो. मी बाथरूमला जाऊन आले, पांढऱ्या गाडीचं दार उघडलं, बसले, पट्टा लावला आणि म्हटलं, "चल बाई, उशीर झालाय." शेजारी दाढीवाला, लठ्ठ गृहस्थ सँडविच हातात धरून माझ्याकडे बघत होता! गाडी त्याची. ईराची पलीकडची. मी इतकी ओशाळले की माफी म्हणून त्याला दोन करंज्या नेऊन दिल्या. त्यानं एक फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "ही कॉर्निश पेस्टी आहे का?" पेस्टी म्हणजे त्यांची मांस-बटाट्याची करंजीच. म्हटलं, हो, तिची मावसबहीण. राहिल्या अडतीस.

पुढं कॉट्सवोल्ड्सचे मधाळ दगडी उतार संपले, माल्व्हर्नचे डोंगर आडवे आले, ते ओलांडले आणि माती एकदम लाल झाली. महाबळेश्वरच्या घाटात असते तशी. पन्नास वर्षांपूर्वी श्रीकांतनं बसच्या खिडकीतून हीच माती बघून माझा हात दाबला होता. "सुमा, बघ, घरी आलो." तेव्हा आम्ही सव्वीस वर्षांचे होतो आणि आम्हाला काही म्हणता काही माहीत नव्हतं. त्या वळणावर मी काच खाली करून बाहेर बघत राहिले. ईरानं काही न विचारता रेडिओ बंद केला.

शुक्रवार संध्याकाळ, लेडबरी

हेरफर्डजवळच्या लेडबरीत लाकडी खांबांवर उभी असलेली जुनी बाजाराची इमारत आहे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. तिच्यासमोरच्या घरात खोली घेतली होती. मालकीणबाईंनी चहाबरोबर गरम ॲपल-पाय दिला, वर पिवळं कस्टर्ड ओतून. ईरा फोनवर, मी खिडकीत. आता तुम्हाला मागचं सांगते, नाहीतर उद्याचं काही उमजायचं नाही.

श्रीकांत आणि मी मिरजेला एका वर्गात होतो. लग्न केलं आणि चौऱ्याहत्तर साली दोघं इकडे आलो. तो मेडिसिनला, मी भूल द्यायला, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात. राहायला गावाबाहेर सफरचंदांच्या बागेच्या कडेला एक बुटकं घर मिळालं. रॉकेलचा हीटर, भिंतींना ओल, आणि झाडांवर मिसलटोचे हिरवे झुबके, आपल्याकडे आंब्यावर बांडगूळ असतं तसे. बागेचा मालक वॉल्टर. साठीला आलेला, उंच, डाव्या कानाची पाळी थंडीनं झडलेली. बोली गावासारखीच, पण 'डब्ल्यू'ला अडखळणारी. बायको मेरी इंग्लिश. मुलगी जोन आमच्याच वयाची, गावच्या शाळेत शिकवायची.

पहिल्याच रविवारी हा गृहस्थ दारात उभा. हातात ॲल्युमिनियमचा चेपलेला चपटा डबा, आत सफरचंदं. सफरचंदं काढून मी डबा उलटा करून पाहिला (सवय!), तर बुडावर खिळ्यानं त्याचं नाव कोरलेलं. म्हटलं, अय्या, यांच्यातही भांड्यांवर नाव घालतात!

दुसऱ्या दिवशी श्रीकांत डबा द्यायला निघाला तर मी त्याच्या हातातून काढून घेतला. "रिकामा? लाज आहे का काही?" शंकरपाळे करून भरले, मग पाठवला. वॉल्टरनं झाकण उघडलं आणि असा हसला की मेरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आमच्या धंद्यातही हाच नियम," तो म्हणाला. "परतीला रिकामं उडायचं नाही."

तेव्हा कळलं, हा युद्धात जर्मन वैमानिक होता. लढाऊ नव्हे, मालवाहू. त्याचं विमान तीन इंजिनांचं, आपल्याकडे गोठ्यावर घालतात तसल्या पन्हाळी पत्र्याचं, बैलगाडीपेक्षा थोडंसंच वेगानं जाणारं. ते लोक त्याला 'मावशी' म्हणत. मावशीत बसवून त्यानं आधी क्रीट बेटावर पॅराशूटवाली पोरं सोडली. मग रशियात पीठ, पाव, पेट्रोलची पिंपं आत न्यायची आणि जखमी बाहेर आणायचे. पहाटे इंजिनाखाली शेगड्या पेटवाव्या लागत, नाहीतर तेल गोठून जाई. शेवटी आफ्रिकेला पेट्रोल नेताना समुद्रात पडला, इंग्रजांच्या बोटीनं उचलला, आणि युद्धकैदी म्हणून ह्याच बागेत सफरचंदं तोडायला आला. तोडता तोडता मालकाची मुलगी तोडली, असं मेरी म्हणायची आणि तो लाजायचा.

मी त्याला वॉल्टरकाका म्हणू लागले. सव्वा वर्ष तो डबा दोन घरांमध्ये फिरत होता. इकडून चकल्या, चिवडा, बेसनाचे लाडू. तिकडून सफरचंदं, अक्रोड, आलुबुखारे, एकदा तर मेंढीच्या लोकरीचे पायमोजे. आई इतकी दूर होती, पत्राला बारा दिवस लागत. तो डबा आला की मला माहेरी कुणीतरी आहे असं वाटायचं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू?

आणि मग एकदा हॉस्पिटलात हात धुताना वॉल्टरकाकांचा विषय निघाला. माझ्या वरिष्ठ बाई व्हिएन्नाच्या. ज्यू. आठ वर्षांच्या असताना आईबापांनी आगगाडीत बसवून इंग्लंडला पाठवलेल्या. मागं राहिलेल्यांपैकी एकही माणूस उरलं नाही. भूल द्यायला मला खऱ्या अर्थानं त्यांनीच शिकवलं. ऑपरेशनआधी हात धुता धुता त्या शांतपणे म्हणाल्या, "सुमती, तू ज्याची सफरचंदं खातेस, त्याच्या गळ्यात एके काळी काय होतं, माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. हिटलरच्या राज्यातलं शौर्याचं मोठं पदक, गळ्यात घालायचा क्रॉस. गावात सगळ्यांना ठाऊक, फक्त आम्हालाच नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले. डबा आमच्याकडेच होता, त्याच आठवड्यात अक्रोड घेऊन आलेला. मी अक्रोड कागदात ओतले. डबा घासला, पुसला, कोरडा केला. आणि पहाटे वॉल्टरकाकांच्या उंबऱ्यावर ठेवून आले. रिकामा. चिठ्ठी नाही, काही नाही. श्रीकांत रात्रपाळीला होता, त्याला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

मँचेस्टरची नोकरी आधीच ठरली होती. दहा दिवसांनी आम्ही निघालो. वॉल्टरकाका सामान चढवायला आले, न बोलावता. ट्रंका व्हॅनमध्ये एकेक करून लावल्या. "जड वस्तू मधोमध, डॉक्टर. नेहमी." माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं. मी मान फिरवली.

पुढं पन्नास वर्षं गेली. मँचेस्टर, मग एजवेअर, मुलगी, नात, पेन्शन. दोन वर्षांपूर्वी श्रीकांत गेला. जाण्याआधी एका दुपारी मला म्हणाला, "सुमा, एक सांगायचं राहिलंय. पेशंटचं होतं, म्हणून सांगितलं नाही."

वॉल्टर त्याच्याकडे झोप येत नाही म्हणून आला होता. श्रीकांत डॉक्टर, म्हणून त्यानं त्याला सगळं सांगितलं होतं. स्टालिनग्राडच्या वेढ्यात शेवटच्या दिवसांत तो विमान घेऊन उतरला. पोती खाली फेकली. बर्फात ओळीनं स्ट्रेचर ठेवलेली होती. इतक्यात धावपट्टीवर गोळे पडायला लागले, आणि त्यानं विमान तसंच उडवलं. रिकामं. बाजूच्या खिडकीतून त्याला सगळं दिसलं. ज्यांना चालता येत होतं ते चाकांमागं धावत होते. त्यानंतर काही आठवड्यांनी पदक मिळालं. "भरलेल्या फेऱ्यांचं पदक दिलं," तो श्रीकांतला म्हणाला, "रिकाम्या फेरीचं कुणी विचारलंच नाही."

हे त्यानं श्रीकांतला सांगितलं, आणि त्याच आठवड्यात मी त्याच्या दारात त्याचा डबा रिकामा ठेवून आले.

"त्याला वाटलं असणार, मी तुला सांगितलं," श्रीकांत म्हणाला. "विश्वासानं सांगितलेलं मी बायकोजवळ बोललो."

"मग लिहायचं नाहीस का त्यांना?"

"तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. काय लिहिणार? माझ्या बायकोला यातलं काही माहीत नाही, ती तुमचा नुसताच तिरस्कार करते?"

चाळीस वर्षं मी लोकांना भूल दिली. त्या दुपारी कुणी मला दिली असती तर बरं झालं असतं. श्रीकांत सहा दिवसांनी गेला. मी जोनला पत्र लिहायला पुढं जवळजवळ दोन वर्षं लावली. उत्तर आठवड्यात आलं: बाग विकली आहे, महिनाअखेरीस घर सोडते आहे, यायचं तर आत्ता या.

शनिवार, बाग

सकाळी न्याहारीला एवढं आलं की ईरानं फोटोच काढला. मी टोस्टचे नुसते तुकडे करत बसले. "आजी, तू नर्व्हस आहे?" "आहेस," मी म्हटलं. "आणि हो, आहे."

आमचं बुटकं घर पाडलंय. तिथं ट्रॅक्टरची शेड आहे. बाग मात्र तशीच, झाडं म्हातारी, मिसलटो दुप्पट, गवतात पडलेली सफरचंदं आणि त्यांचा तो आंबूस वास. काय सांगू, त्या वासानं पन्नास वर्षं क्षणात पुसली. आता कोपऱ्यावरून श्रीकांत सायकलनं येईल असं वाटलं. तिथंच उभी राहून रडले, आणि रडताना बुटात चिखल गेला.

जोन दारात आली. पंचाहत्तरीची, रबरी बूट, कापलेले पांढरे केस, उंची बापाची. घर खोक्यांनी भरलेलं. तिनं चहा केला, ईराला एक खोकं दिलं बसायला, मला खुर्ची. मी डबा मांडीवर धरून बसले होते. भाषण पाठ केलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"जोन, मी तुमच्या वडिलांना डबा रिकामा परत दिला होता," मी म्हटलं. एवढंच.

"मला तो दिवस आठवतो," ती म्हणाली. "सकाळी मी शाळेत निघाले होते. बाबा डबा घेऊन आत आले. टेबलावर ठेवून झाकण उघडलं. आत बराच वेळ बघत राहिले, कोपऱ्यात काही अडकलंय का बघावं तसे. मग म्हणाले, डॉक्टरनं तिला सांगितलं. आई म्हणाली, डॉक्टर असं करणार नाहीत. तेव्हा बाबा म्हणाले, केलं असेल तर बरंच झालं. कुणाला तरी कळायला हवं होतं."

म्हणजे श्रीकांतचं खरं होतं. तो माणूस पुढची पंचवीस वर्षं जगला ते हेच धरून.

"नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज नको इतका चढला. "श्रीकांतनं सांगितलं नाही. मला नाही, कुणालाच नाही. मरायच्या आधी सहा दिवस सांगितलं. तेवढं सांगायला मी आले आहे. माझ्या नवऱ्यानं तुमच्या वडिलांचा शब्द मोडला नाही."

जोन हळूच एका खोक्यावर बसली. तोंडावर हात ठेवला.

"मग तुम्ही रिकामा का दिलात?"

"पदकामुळे."

"पदक?" ती उठली. स्वयंपाकघराचा खण ओढला. सुतळी, जुन्या बॅटऱ्या, किल्ल्या, आणि त्यांत ते. काळा क्रॉस, मधोमध ते वाकडं केलेलं स्वस्तिक. माझ्या दाराशी दिवाळीला मी तेच सरळ काढते. जोन म्हणाली, "हे? ते तर तुम्ही मागितलं असतंत तर त्यांनी तुमच्या डब्यात घालून दिलं असतं. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही सांगा."

"मला विचारू नका," मी म्हटलं.

आणि खरंच विचारू नये. मी रागावले ते उगाच नव्हते. माझ्या बाईंचे आईवडील, दोन धाकटे भाऊ कुठं आणि कसे गेले हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. ज्या राज्यानं ते केलं, त्याच राज्याचं पीठ आणि पेट्रोल वॉल्टरकाकांनी वाहिलं. बाई आज असत्या तर त्यांनी मला पुन्हा तोच प्रश्न विचारला असता, आणि मला आजही नीट उत्तर देता आलं नसतं. पण रागवायचं तर तोंडावर रागवावं. समोर बसून विचारावं, काका, हे काय आहे? मी तेवढंही केलं नाही. डबा ठेवला आणि पळाले.

हे सगळं मी जोनला सांगितलं. ती म्हणाली, "ते तुमच्या नवऱ्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत हो. म्हणायचे, ओझं जड होतं, डॉक्टरनं अर्धं बायकोकडे दिलं असेल. एकट्यानं कसं न्यायचं?"

हे ऐकून मात्र माझा बांध फुटला. ईरानं खिशातून मळका टिश्यू काढून दिला. मग मी मांडीवरचा डबा उघडला. जोननं एक करंजी घेतली, नेमकी बटाट्यासारखी. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "ही! वेलची! मला नाव आठवत नव्हतं. दुकानांतून शोधायचे मी, नुसता वास घेत."

मग ती आत कोठीच्या खोलीत गेली आणि हातात तो घेऊन आली. तोच. ॲल्युमिनियमचा, कोपरा चेपलेला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. जडच होता. झाकण काढलं तर सफरचंदं, कागदात एकेक गुंडाळलेली.

"तुम्ही येणार म्हणून नाही हं," जोन म्हणाली. "दर ऑक्टोबरला बाबा हा भरून खिडकीत ठेवायचे. आई म्हणायची, अहो, ते लोक गेले, पत्तासुद्धा नाही. तर म्हणायचे, रिकामा आला म्हणून काय झालं, पाळी आता आपली आहे. सफरचंदं सुकायला लागली की आम्ही खायचो. ते गेल्यावर मी सवयीनं भरत आले. आणि न्यायला कुणी येत नव्हतं."

ईरा तिच्या मोडक्या मराठीत मला म्हणाली, "आजी, पन्नास वर्ष लोडेड उभा होता. फक्त क्लिअरन्स नव्हती."

जोननं विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. जोन मोठ्यांदा हसली, बापासारखी, मान मागं टाकून.

आम्ही निघालो तेव्हा माझा स्टीलचा डबा तिच्या टेबलावर राहिला आणि तिचा माझ्याकडे आला. ती माझा घाईघाईनं रिकामा करून धुवायला निघाली होती. मी तिचा हात धरला. "राहू दे. नव्या घरी घेऊन जा. सावकाश परत कर."

रविवार, चर्चच्या आवारात

निघण्याआधी वॉल्टरकाकांच्या थडग्यापाशी गेलो. साधा दगड, नाव आणि साल, बाकी काही नाही. शेजारी मेरी. चर्चच्या मनोऱ्यावर छोटे, करड्या मानेचे कावळे कलकलाट करत होते.

पर्समध्ये एक करंजी राखून ठेवली होती. दगडावर ठेवली आणि आम्ही बाकावर बसलो.

"आता काय?" ईरा.

मी तिला समजावलं. आपल्यात माणूस गेलं की पिंडाला कावळा शिवावा लागतो. शिवला नाही तर त्याचं काहीतरी मागं राहिलंय असं समजतात. मग घरचे एकेक जण पुढं होऊन शब्द देतात, तुमचं हे करू, ते करू. पटलं की कावळा येतो.

"आणि नाही पटला तर?"

"बसायचं."

बसलो. एक कावळा भिंतीवर उतरला. मान वाकडी करून करंजीकडे बघू लागला, पण जागचा हलेना. मी उठले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून मराठीतच बोलले. "वॉल्टरकाका, श्रीकांतनं शब्द मोडला नाही." कावळा ढिम्म. "मी चुकले. मला विचारायला हवं होतं." कावळ्यानं पंख साफ केले. "जोनकडे मी येत-जात राहीन." छे! थंडीनं माझी बोटं बधिर झाली होती. मनात म्हटलं, सुमती, शहाणी डॉक्टरीण तू, हे काय चालवलंयस?

तेवढ्यात ईरा उठली. कोटाच्या खिशात हात घालून दगडासमोर उभी राहिली, कामावर बॉससमोर उभी राहते तशी.

"वॉल्टर आजोबा," ती म्हणाली, "मी ईरा. मी पण कार्गो करते. ती डबा आता कधी रिकामी उडणार नाही. प्रॉमिस."

कावळा खाली आला. दगडावर टुणकन उतरला, करंजीचं एक टोक चोचीत धरलं, ओझं तोलून पाहिलं आणि मनोऱ्याच्या दिशेनं उडाला. वाटेत थोडं सारण सांडलं.

तुपाचा वास आला असेल, दुसरं काय! मी असल्या गोष्टी मानत नाही, माझ्या सासूबाईंशी यावरून मी वीस वर्षं भांडले. पण त्या बाकावर बसून मी पदरात तोंड घालावं तसं कोटात तोंड घातलं आणि हमसून हमसून रडले. ईरा शेजारी बसून माझी पाठ चोळत होती आणि एकीकडे विचारत होती, "आजी, मी बरोबर बोलली ना? ती डबा की तो डबा?"

आज हे लिहितेय तेव्हा डबा एजवेअरला माझ्या ओट्यावर आहे. सफरचंदं खाऊन झाली, एक सोडून. ते मी खात नाहीये, ईरालाही हात लावू देत नाही. बेसन भाजून ठेवलंय, निवलं की लाडू वळायचे. तोवर डब्यात काहीतरी हवं.